दाताची ओळख, दाताचा पत्ता

(हीरक महोत्सवी विज्ञान व्याख्यानमालेत झालेले भाषण)



प्राणी मरतो, तेव्हा त्याच्या देहाचा बहुतेक भाग फार लवकर नाहीसा होतो. मांस कोल्ह्या-गिधाडांच्या वाट्याला जाते, कातडे कुजते, उघड्यावर पडलेली हाडे ऊन-पावसाने भुगा होऊन मातीला मिळतात. मागे राहतात ते दात. दाताच्या माथ्यावर एनॅमलचे जे चकचकीत कवच असते, ते वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजच असते. त्याहून कठीण पदार्थ शरीरात दुसरा नाही. दात जिवंतपणीच अर्धा दगड झालेला असतो, असे म्हटले तरी चालेल. म्हणूनच लाखो वर्षांपूर्वी लोपलेल्या कित्येक प्राण्यांविषयी जे काही ठाऊक आहे ते मुख्यतः त्यांच्या दातांवरून, आणि काहींच्या बाबतीत तर केवळ दातांवरूनच. शार्क माशाचा सांगाडा कूर्चेचा असल्यामुळे तो सहसा टिकत नाही. पण त्याचे दात जन्मभर गळत आणि नव्याने येत राहतात, आणि एकेक शार्क हजारो दात मागे ठेवून जातो.

त्यामुळे हौशी संग्राहकाच्या हाती बहुधा पहिल्यांदा लागतो तो दातच. कधी नदीच्या पात्रात, कधी कालव्याच्या खोदकामात, कधी विहिरीतून उपसलेल्या गाळात, आणि अलीकडे घरपोच आलेल्या पुडक्यातही. तो हातात येताच विचारले जाते, ‘हा खरा आहे का?’ प्रश्न एकच दिसतो, पण त्याच्या पोटात दोन प्रश्न दडलेले आहेत. ही वस्तू खरोखर प्राचीन दात आहे का, आणि असेल तर कोणत्या प्राण्याचा, हा पहिला. हा दात अमुक जागी, अमुक थरात सापडला अशी जी हकिकत सांगितली जाते, ती खरी आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दात स्वतः देतो. विचारणाऱ्याला वाचता आले पाहिजे इतकेच. दुसऱ्याचे उत्तर देणे त्याला जमत नाही. ते माणसाने द्यावे लागते, आणि सगळी गोम तिथेच आहे.

पहिला प्रश्नही एके काळी सोपा नव्हता. माल्टा बेटावर सापडणारे त्रिकोणी दगड युरोपात ‘जिभेचे दगड’ म्हणून प्रसिद्ध होते. विषावर उतारा म्हणून लोक ते जवळ बाळगीत. चंद्र क्षीण होत असता ते आकाशातून पडतात, असे प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवले होते. १६६६ साली इटलीतल्या लिव्होर्नोजवळ एक प्रचंड शार्क पकडला गेला आणि त्याचे डोके फ्लॉरेन्समध्ये असलेल्या निल्स स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे विच्छेदनासाठी पाठवण्यात आले. त्याने त्या जबड्यातला दात आणि ‘जिभेचा दगड’ शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि दुसऱ्याच वर्षी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. दात ओळखण्याची पद्धत आजही तीच आहे: ज्ञात दात आणि अज्ञात दात एकमेकांशेजारी ठेवून निरखणे.

आता जवळ येऊ. या शाळेपासून नर्मदा फार दूर नाही. तिच्या काठच्या प्राचीन गाळात आणि गोट्यांच्या घट्ट बसलेल्या थरांत हत्ती, पाणघोडे, रानबैल, घोडे यांचे अवशेष सापडतात, हे विज्ञानाला जवळपास दोनशे वर्षे ठाऊक आहे. त्यांतल्या प्राचीन हत्तीच्या शास्त्रीय नावात ‘नामाडिकस’ हा शब्द आहे, तो नर्मदेवरूनच. पाणघोड्याचे नाव ‘हेक्साप्रोटोडॉन’, म्हणजे पुढचे सहा दात असलेला. त्याचे नावच दातांच्या मोजदादीवरून पडले. या हत्तीला नाव देणारे ह्यू फाल्कनर आणि प्रॉबी कॉटली यांच्यापैकी कोणीही पेशाने जीवाश्मतज्ज्ञ नव्हता. फाल्कनर हे डॉक्टर, सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक. कॉटली हे कालव्यांचे अभियंता. १८३० च्या दशकात त्यांनी शिवालिकच्या टेकड्या पिंजून काढल्या आणि १८३७ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे वोलास्टन पदक दोघांनाही मिळाले. त्या टेकड्यांतली हाडे स्थानिकांना नवी नव्हती. फिरोजशाह तुघलकाच्या काळी कालवा खणताना राक्षसी हाडे निघाल्याची नोंद फिरिश्ता या इतिहासकाराने केली आहे, आणि नाहनच्या राजाने प्राचीन हत्तीच्या दाढेचा तुकडा एका इंग्रज अधिकाऱ्याला दिला होता. जिनसा होत्या, त्यांना जुळणीसाठी शेजारी ठेवणारे कोणी नव्हते.

नर्मदेकाठी सापडणारी दाढ कोणाची, हे ओळखायला आरंभी फार विद्वत्ता लागत नाही, डोळा लागतो. चघळणारा माथा वर करून दाढ हातात धरावी. हत्तीची दाढ म्हणजे विड्याच्या पानांची चळत उभी करून चुन्याने जखडून टाकावी तशी: एकामागे एक उभ्या पातळ पट्ट्या आणि त्यांना सांधणारा मऊ थर. आजच्या आशियाई हत्तीच्या शेवटच्या दाढेत अशा वीसहून अधिक पट्ट्या असतात. फाल्कनर यांनी हत्तींच्या जातींची मांडणी केली ती बऱ्याच अंशी हे कंगोरे मोजून. शिवालिकमधल्या ‘स्टेगोडॉन’ या हत्तीसदृश प्राण्याच्या दाढेवर मात्र घराच्या आढ्यासारखे मोजके ठेंगणे कंगोरे असतात. नावाचा अर्थही ‘छपरी दात’ असाच आहे. हत्तीला आयुष्यात जबड्याच्या प्रत्येक बाजूला सहा दाढा येतात, त्याही एकामागून एक, मागून पुढे सरकत. झिजलेली दाढ पुढून तुकड्या-तुकड्यांनी गळते. म्हणून नदीत पुष्कळदा अख्खी दाढ न मिळता एखादी सुटी पट्टीच मिळते, आणि सापडणारा तिला शिंपला समजतो.

गाय, म्हैस, रानबैल यांच्या दाढेच्या झिजलेल्या माथ्यावर चंद्रकोरी दिसतात, जोडीजोडीने. घोड्याच्या दाढेवर एनॅमलची रेघ नागमोडी वळणे घेत चौकोनभर फिरते. या दोघांची गल्लत नवशिक्यांकडून सर्वांत जास्त होते, कारण दोन्ही दाढा उंच, लांबट आणि गवत खाऊन सपाट झालेल्या असतात. पण कोर आणि नागमोड यांतला फरक एकदा नजरेत बसला की पुन्हा सुटत नाही. पाणघोड्याच्या झिजलेल्या दाढेवर तीन पाकळ्यांची आकृती उमटते. तिला इंग्रज त्यांच्या एका गवताचे नाव देतात. आपल्याकडे बेलाचे पान म्हटले की काम झाले. डुकराच्या दाढेवर बारीक बारीक गोलसर उंचवटे असतात, आणि ती माणसाच्या दाढेशी विलक्षण मिळतीजुळती दिसते. हे साम्य लक्षात ठेवावे. पुढे ते एका मोठ्या विद्वानाला नडणार आहे.

दात जसा कुळ सांगतो तसा आहारही सांगतो, कारण झीज खोटे बोलत नाही. इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात गिडिअन मँटेल नावाचे एक खेड्यापाड्यांत फिरणारे डॉक्टर होते. १८२२ च्या सुमारास त्यांच्याकडे ककफील्डजवळच्या खाणीतले काही मोठे, तपकिरी, माथ्यावर झिजलेले दात आले. ते रवंथ करणाऱ्या सस्तन प्राण्यासारखे झिजलेले होते, पण थर इतका जुना की त्यात मोठे सस्तन प्राणी असण्याचा संभवच नव्हता. दात पॅरिसला क्यूव्हिए यांच्याकडे गेले. तुलनात्मक शरीरशास्त्राचा त्या काळचा तो सर्वोच्च अधिकारी. त्यांनी पाहता क्षणी गेंड्याचा पटाशीचा दात म्हणून निकाल दिला. नंतर मात्र मोकळेपणाने मत बदलले. अखेर लंडनच्या एका वैद्यकीय संग्रहालयात इग्वाना सरड्याचा सांगाडा शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला: दात सरड्यासारखा, आकार कित्येक पट मोठा, आणि झीज झाडपाला खाणाऱ्याची. १८२५ मध्ये ‘इग्वानोडॉन’ हे नाव रूढ झाले. पहिला दात डॉक्टरांच्या पत्नीला सापडला ही कथा पुस्तकापुस्तकांतून येते. स्वतः मँटेल यांनीही आधी तसेच लिहिले होते, आणि १८५१ मध्ये मात्र तो आपल्यालाच सापडल्याचे म्हटले. प्राणी नक्की झाला, पण दात प्रथम कोणाच्या हाती आला हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आपल्या प्रश्नातला दुसरा भाग इतक्या सज्जन माणसाच्या हातूनही निसटतो.

ओळख पटली तरी दात प्राचीन आहे की परवाचा, हे उरतेच. नर्मदेच्या रेतीत हजारो वर्षांपूर्वीच्या रानबैलाची दाढ आणि दोन पावसाळ्यांपूर्वी मेलेल्या म्हशीची दाढ शेजारी शेजारी पडलेल्या असू शकतात. इथे सर्वांत मोठी फसगत रंगाची. ‘काळा तो जुना’ हा समज अगदी पक्का बसलेला आहे. वास्तविक रंग हा मातीचा गुण आहे, वयाचा नव्हे. लोहाने तपकिरी, मँगॅनीजने काळा रंग चढतो, आणि योग्य चिखलात पडलेला ताजा दातही थोड्या काळात चांगला काळवंडतो. त्यामानाने वजन, थंडपणा आणि नाद हे जास्त बोलके. खनिज भरलेला दात आकाराच्या मानाने जड लागतो, तळहाताला गार वाटतो आणि चिनीमातीच्या बशीला हलकेच टेकवला तर किणकिणतो. ताज्या दाताच्या मुळाशी तापलेल्या सुईचे टोक लावले तर जळक्या केसांचा वास येतो, कारण आतला सेंद्रिय अंश शाबूत असतो. प्लास्टिकच्या नकलेला लावले तर प्लास्टिकचाच वास येतो. ही चाचणी खूण ठेवून जाते, म्हणून निरुपाय झाल्यावर आणि कोपऱ्यातच करावी. जीभ लावून पाहण्याची जुनी रीत सच्छिद्र हाडाच्या बाबतीत थोडीफार चालते. पण नदीतली वस्तू तोंडात घालण्याचा सल्ला शाळेच्या व्यासपीठावरून देता येणार नाही. आम्ल, लिंबू, व्हिनेगर यांनी दात ‘साफ’ करणे तर थेट गुन्हा मानावा. आम्ल दाताचे काय करते, हे प्रत्येक पालकाने दंतवैद्याकडून ऐकलेले आहेच.

आता त्या घोटाळ्याकडे. तो इतका शिकवणारा आहे की त्याला थोडा वेळ द्यायला हरकत नाही.

डिसेंबर १९१२. लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेत चार्ल्स डॉसन हे ससेक्समधले वकील आणि ब्रिटिश संग्रहालयातले आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी पिल्टडाउन येथील खडीच्या खाणीतून मिळालेले अवशेष मांडले: माणसासारखी कवटी आणि वानरासारखा जबडा. जबड्यातल्या दोन दाढा मात्र माणसाच्या दाढांसारख्या सपाट झिजलेल्या. पुढच्या वर्षी त्याच खाणीत एक सुळा मिळाला, अपेक्षा होती अगदी तसा. सोबत प्राचीन हत्तीच्या दाढेचे तुकडे आणि पाणघोड्याचा दातही निघाला होता, म्हणजे थराच्या पुरातनपणाबद्दल साक्षीदारही हजर. मानवाचा पूर्वज इंग्लंडमध्ये सापडला म्हणून केवढा आनंद झाला असेल, याची कल्पना करता येते. पुढची चाळीस वर्षे हा ‘पिल्टडाउन मानव’ पाठ्यपुस्तकांत नांदला.

१९४९ मध्ये केनेथ ओकली यांनी त्या अवशेषांतले फ्लोरिन मोजले. जमिनीत पुरलेले हाड आणि दात भूजलातून फ्लोरिन हळूहळू शोषून घेतात. एकाच थरात सारखाच काळ पडून राहिलेल्या वस्तूंत त्याचे प्रमाण जुळायला हवे. (झाबुआसारख्या भागांत पाण्यातल्या जादा फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर डाग पडतात, तेच हे मूलद्रव्य.) प्रमाण जुळले नाही. कवटी आणि जबडा दोन्ही सांगितल्याइतके जुने नव्हते. १९५३ मध्ये जोसेफ वायनर, ल ग्रो क्लार्क आणि ओकली यांनी पुढचे पाऊल टाकले, आणि ते दातांवरच पडले. भिंगाखाली दाढांच्या माथ्यावर आडव्यातिडव्या ओरखड्यांच्या रेघा दिसल्या: कानशीच्या. शेजारच्या दोन दाढा वेगवेगळ्या कोनांत सपाट केलेल्या होत्या. एकाच जबड्यात एकच घास चघळून अशी झीज होत नाही. आणखी एक गोष्ट कोणाही संग्राहकाने मनात ठेवावी अशी. दात नैसर्गिकपणे झिजतो तेव्हा कठीण एनॅमलची कड वर राहते आणि आतला मऊ भाग खोलगट होतो. बैलाच्या दाढेवर बोट फिरवले तरी ते जाणवते. पिल्टडाउनच्या दाढांत दोन्ही एका पातळीत होते. कानस मऊ-कठीण पाहत नाही. जबडा ओरांगउटानचा होता, रंग चढवलेला. सुळा तर चक्क रंगवलेला होता.

इथवरची हकिकत पुष्कळांना माहीत असते. खरी शिकवण त्या हत्तीच्या दाढेत आहे. ती खरी होती, प्राचीनही होती. तिच्यावर ना कानस फिरली होती, ना कुठल्या अवयवाची बेमालूम जोडणी झाली होती. पण तिच्यातला किरणोत्सार मोजला तेव्हा तो इंग्लंडमधल्या तशा कोणत्याच दाताशी जुळेना. जुळला तो ट्युनिशियातल्या दातांशी. पाणघोड्याचा दात भूमध्य समुद्रातल्या माल्टा किंवा सिसिलीसारख्या बेटावरचा असावा, असे ठरले. म्हणजे खाणीत पेरलेले हे दात आमच्या पहिल्या प्रश्नाला पुरून उरले असते. भिंग, वजन, नाद, सुई, सगळ्या परीक्षांत पहिल्या वर्गात उत्तीर्ण. खोटा होता तो फक्त पत्ता. डॉसन १९१६ मध्ये वारले; २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीनेही सर्व वस्तूंवरची कारागिरी एकाच हाताची आणि तो हात बहुधा त्यांचाच, असा निष्कर्ष काढला.

याच्या उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेतले आहे. नेब्रास्कातले हॅरल्ड कुक हे भूशास्त्र जाणणारे पशुपालक. त्यांनी १९२२ मध्ये एक झिजलेली दाढ न्यूयॉर्कला हेन्री ऑस्बॉर्न यांच्याकडे पाठवली. ऑस्बॉर्न यांना ती मानवसदृश वानराची वाटली, त्यांनी तिला भारदस्त नाव दिले आणि लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने तर त्या एका दाढेवरून नर-मादीचे अख्खे चित्र छापून टाकले. पण दाढ कुठे मिळाली हे कुक यांना नेमके ठाऊक होते. म्हणून संशोधक तिथे परत जाऊ शकले, पुन्हा खोदू शकले. आणि १९२७ मध्ये ऑस्बॉर्न यांच्याच संस्थेतील विल्यम ग्रेगरी यांनी जाहीर केले की ती दाढ पेकरी या डुकरासारख्या प्राण्याची. डुकराच्या आणि माणसाच्या दाढेतले ते साम्य! या प्रसंगावर अजूनही हसले जाते. ते हसणे अनाठायी आहे. चूक पाच वर्षांत सापडली आणि चुकलेल्यांनीच ती दुरुस्त केली, याचे कारण पत्ता खरा होता.

आणि पत्ताच हरवला तर? १९३५ मध्ये हाँगकाँगच्या एका चिनी औषधाच्या दुकानात फॉन कोनिग्सवाल्ड या शास्त्रज्ञाला एक प्रचंड दाढ दिसली. अशा दुकानांत प्राचीन दात ‘ड्रॅगनचे दात’ म्हणून, कुटून औषधात घालण्यासाठी विकत. दाढ वानराची होती, पण गोरिलाच्या दाढेलाही मागे टाकणारी. ‘जायगँटोपिथेकस’ हे नाव तिला मिळाले. ठिकाण मात्र मिळाले नाही, कारण दुकानदाराला ते माहीत असण्याचे कारण नव्हते. अशा दातांची मुळे पुष्कळदा साळिंदराने कुरतडलेली असतात, आणि साळिंदर हाडे ओढून गुहेत नेतो. तेव्हा दात गुहेतले असावेत, इतका तर्क करता येतो. पुढे १९५६ मध्ये दक्षिण चीनमधल्या ग्वांग्शी प्रांतात या वानराचे दात प्रत्यक्ष गुहेत मिळाले आणि ल्यूचेंग येथे एका शेतकऱ्यामुळे जबडाही. दुकान ते गुहा हा प्रवास एकवीस वर्षांचा झाला. मधल्या काळात किती दाढा खलबत्त्यात गेल्या असतील, याचा हिशेब कोणाकडेच नाही.

बाजारातल्या नकलांबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण त्यांचे प्रकार मोजके आहेत. राळेत ओतलेला दात हलका असतो, भिंगाखाली त्यात बुडबुडे आणि कडेला साच्याची शिवण दिसते. मोरोक्कोच्या फॉस्फेट खाणींतले समुद्री सरड्यांचे दात खरे असतात, पण ते वाळू आणि गोंद यांच्या बनावट ‘जबड्यात’ रांगेने बसवून विकले जातात. डायनासोरचा लांब दात पुष्कळदा तीन वेगवेगळ्या दातांचे तुकडे जोडून केलेला असतो. मेगॅलोडॉन या महाकाय शार्कच्या दाताला तुटलेले टोक आणि करवती कड नव्याने लावून रंगवलेली असते. दुकानदार नोटा तपासायला जो जांभळा दिवा वापरतात, तो अंधाऱ्या खोलीत अशा दातावर धरावा; गोंद आणि लांबी बहुधा वेगळ्या तेजाने चमकतात. नखांचा रंग काढण्याचे द्रावण कापसावर घेऊन कडेला टेकवले तर रंग कापसावर उतरतो. हे सर्व केल्यावरही विक्रेत्याने सांगितलेल्या ठिकाणाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हे विसरू नये. विकत घेतलेल्या दाताचा पत्ता ही शेवटी विक्रेत्याची जबान असते. म्हणूनच अनुभवी संग्राहक स्वतः उचललेल्या मोडक्या दाढेला पैसे देऊन आणलेल्या देखण्या दातापेक्षा वरची जागा देतात.

आणि इथे घराकडे, म्हणजे शाळांकडे, वळावे लागते. जुन्या शाळांच्या प्रयोगशाळांत काचेचे एक कपाट असते. त्यात स्फटिक, शंख, कुपीतला साप आणि ‘प्राचीन दाढ’ किंवा ‘हत्तीचा दात’ अशी चिठ्ठी लावलेली एखादी जड वस्तू. कोणीतरी माजी विद्यार्थ्याने किंवा पालकाने मोठ्या प्रेमाने दिलेली. कुठून आणली, नदीच्या कोणत्या काठावरून, पात्रातून की दरडीतून, कोणत्या वर्षी, काही नाही. देणाऱ्याला ते माहीत होते आणि विचारले असते तर त्याने आनंदाने सांगितले असते. साठ वर्षांच्या शाळेत असे देणारे अजून हयात आहेत, पत्रांना उत्तर देण्याइतके उत्साहीही आहेत. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने निदान एवढी पत्रे जावीत.

नवीन काही सापडले तर काय करावे? उचलण्याआधी छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवून. एक जवळून, एक लांबून, ज्यात दरड आणि नदी दिसेल. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश वहीत उतरवावेत, कारण मोबाइल बदलतो. दात सुटा पडला होता की थरात रुतलेला, हे लिहावे. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रुतलेला असेल तर शक्यतो हात न लावता जाणकाराला बोलवावे. दाताला चिकटलेली माती संपूर्ण धुऊन टाकू नये. तिच्यात थराची ओळख असते. दातावर कोपऱ्यात वार्निशचा छोटा ठिपका देऊन, तो वाळल्यावर त्यावर शाईने क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक वहीत. चिठ्ठी आणि दात यांची ताटातूट व्हायला एक साफसफाई पुरते. धार जिल्ह्यातील डायनासोर राष्ट्रीय उद्यानासारख्या संरक्षित जागेतून मात्र खडाही उचलू नये. ओळख पटत नसेल तर जवळच्या विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा प्राण्यांच्या हाडांचा तुलनात्मक अभ्यास जिथे चालतो ते पुण्याचे डेक्कन कॉलेज, अशा ठिकाणी छायाचित्रे पाठवावीत. दात महत्त्वाचा निघाला तर तो तिथेच द्यावा. घरच्या कपाटात तो एकदाच पाहिला जातो.

मुलांनी सुरुवात दुर्मिळ वस्तूपासून करू नये. आजोळच्या गावी मेलेल्या बैलाची, शेळीची, डुकराची दाढ मिळते. ती उकळून, धुऊन, नाव लिहून ठेवावी. अशा दहा दाढांचा संच हाताशी असला की अकरावी आपोआप बोलू लागते. स्टेनोने तरी दुसरे काय केले होते?

पिल्टडाउनचा जबडा आणि सुळा हे वानराचे आहेत, असे १९५३ च्या आधीच निक्षून सांगणाऱ्यांत डॉ. अल्वन मार्स्टन होते. ते लंडनमधले दंतवैद्य. दातांवर त्यांची रोजीरोटी होती. हौशी माणसाचे म्हणणे तेव्हा फारसे मनावर घेतले गेले नाही. याच मार्स्टन यांना १९३५ मध्ये केंट परगण्यातल्या स्वान्सकोम येथील खडीच्या खाणीत प्राचीन मानवी कवटीचा मागचा भाग सापडला होता. त्यांनी खाणीतली जागा आणि थर नीट टिपून ठेवला, ते पुन्हा पुन्हा तिथे जात राहिले, आणि १९३६ मध्ये त्यांना कवटीचा दुसरा तुकडा मिळाला, पहिल्याला अचूक बसणारा. जागा कागदावर नोंदलेली होती. १९५५ मध्ये दुसऱ्याच संशोधकांनी त्याच थरात खोदले आणि तिसरा तुकडा काढला. तो आधीच्या दोन्ही तुकड्यांना बिनचूक जुळला.